झाकणात दिवा आहे का

महात्मा गांधी रोडवरच्या चौथ्या दुकानातही
मी तेच विचारलं:
झाकणात दिवा आहे का?
पोऱ्या हसला. मॅडम, दिवा खालीच असतो,
कागद पालथा ठेवायचा, बटण दाबायचं.

कागद नाहीत माझ्याकडे.
अकराशे चाळीस स्लाइड्स आहेत बेदाण्याच्या खोक्यांत,
पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीत अंगठ्याएवढं पान,
आणि वरून उजेड आरपार गेल्याशिवाय
ते पान काळंच राहतं.

अण्णा द्राक्षाच्या रोगांवर बोलायचे.
लूनावर पुढे प्रोजेक्टर, मागे मी,
खेडगाव, उगाव, वडनेर भैरव.
सोसायटीच्या भिंतीला चुना नसला
की दोघं जण धोतर ताणून धरायचे,
आणि त्या धोतरावर उमटायचा
केवडा, करपा, भुरी,
बैलाएवढा.
माणसं उठून जवळ जायची, सावल्या पडायच्या.
अण्णा ओरडायचे, बसा, बसा,
रोग कुठे पळून जात नाही.

बजेट दहा हजार.
कॅनडा कॉर्नरच्या तन्मय शिरोडेनं
बिलाच्या मागे गणित मांडलं:
खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका काकू,
त्यातलं निम्मं यंत्र बघतं,
उरलेलं पदरचं घालतं.
(माझी नणंद अशीच हकीकत सांगते.)
अडतीस हजारांच्या यंत्रात म्हणे न दिसणारा किरण असतो,
फिल्मवरची घाण कुठली आणि फिल्ममधलं चित्र कुठलं
तो बरोबर ओळखतो.
स्वस्तातलं नुसता अदमास करतं.

मी अदमास घेतला.
देवळाली कॅम्प, लॅम रोड, खोर्शेदबाईंकडून,
साडेआठ सांगितले, आठला दिला.
चार स्लाइड्सची चौकट, एका खणाची खिट्टी तुटलेली.
न विचारता त्यांनी आधी झाकण उघडून
दिवा लावून दाखवला.
म्हणाल्या, माझा नवरा फक्त मोटारींचे फोटो काढायचा.
आता सगळ्या मोटारी झाल्या.

रात्री पहिल्या चार.
यंत्रानं कण्हत कण्हत अकरा मिनिटं घेतली.
‘धूळ काढा’च्या चौकोनात खूण आधीपासूनच होती,
माझं लक्ष नव्हतं.
पडद्यावर आलं हिरवंगार, तुकतुकीत पान,
खताच्या कॅलेंडरवर असतं तसं.
पुठ्ठ्यावर अण्णांचं अक्षर:
केवडा, दुसरा टप्पा, उगाव, ८७.

केवडा धुऊन निघाला होता.
अण्णांना जन्मभर जमलं नाही ते.

खूण काढली. पुन्हा अकरा मिनिटं.
आता डाग आले, पण सगळेच आले,
पानावरची बुरशी
आणि पानाच्या फोटोवर
त्या खोक्यात इतक्या वर्षांत चढलेली बुरशी.
भिंग घेऊन बसले.
दोनच्या सुमाराला थोडं कळलं:
पानाचा रोग पानाच्या कडेला थांबतो.
फिल्मची बुरशी थांबत नाही,
कड ओलांडून मांडवाच्या तारेवर जाते, आभाळात जाते,
अण्णांनी मापाला धरलेल्या फूटपट्टीवर
सात आणि आठच्या मधे जाऊन बसते.

तेव्हापासून कडेबाहेरचे ठिपके पुसते,
आतल्यांना हात लावत नाही.
आठवड्याला साठ होतात. कधी चाळीसच.

एका स्लाइडमध्ये पानाला खालून टेकू दिलेला अंगठा आहे.
त्याच्यावर एक गोल डाग.
मोरचुदाचा असेल. बुरशीचा असेल.
निळसर वाटतो, मग वाटत नाही.
तन्मयला फोन केला. झूम करा, म्हणाला.
केलं. नुसते चौकोन दिसले,
राखाडी, तपकिरी, एक जरा वेगळा.

ती स्लाइड बाजूला ठेवली आहे.
खिट्टी तुटलेल्या खणात
ती तशीही नीट बसत नाही.